काढलेल्या हिरवळीचं पाणी

१

गुरुवारी सकाळी सव्वासातला माझ्या तोंडाला साबण होता आणि नळाला पाणी नव्हतं. डोळे चरचरतायत, टॉवेल हाताला लागत नाहीये, आणि अशात दारावरची बेल वाजली. म्हटलं, आता कोण कडमडलं? तशीच चाचपडत गेले आणि दार उघडलं.

"वहिनी, चोर सापडला!"

आवाज भाऊजींचा. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, आमच्या वसाहतीचे अध्यक्ष.

"चोराचं राहू द्या, आधी तांब्याभर पाणी सापडतंय का ते बघा," मी म्हणाले. तेव्हा कुठे त्यांनी माझ्या अवताराकडे पाहिलं आणि धावत घरी जाऊन बाटली आणली.

तोंड धुऊन होईतो सांगते. आमची वसाहत ऐंशी घरांची, आणि चारी बाजूंना नजर पोचेल तिथवर वाळू. पाण्याची टाकी एकच. पंप पहाटे पाचला सुरू होतो आणि त्या पाण्यावर सगळ्यांनी दिवस काढायचा. अशा ठिकाणी मधोमध काय असावं? फुटबॉलच्या मैदानाएवढी हिरवळ! बावीस वर्षं ती अर्धी टाकी पीत होती. मी पाणीखात्यात एकतीस वर्षं मीटर तपासले, म्हणून सगळे मला मीटरबाई म्हणतात, आणि त्या हिरवळीची सगळ्यात मोठी वैरीण मीच. एक सभा भांडल्याशिवाय सोडली नाही. शेवटी तीन आठवड्यांपूर्वी भाऊजींनी ती उपटली, वरून प्लास्टिक अंथरलं, त्यावर वीतभर खडी पसरली आणि खडीत निवडुंग लावले. आता पाणी उरायला हवं होतं की नाही? झालं उलटंच. पूर्वी नळ दहापर्यंत चालायचे, ते आता सव्वासातला कोरडे ठणठणीत.

"कोण आहे चोर?" तोंड पुसत मी विचारलं.

"तात्या. चला, दाखवतोच."

तात्या म्हणजे वसाहतीचे माळी. ती हिरवळ त्यांनीच पोटच्या पोरीसारखी सांभाळली. चौकाच्या उतारावर, कुंपणाला लागून त्यांची एक खोली आहे. तिथे ते आणि त्यांची बायको राहतात. भाऊजींनी मला खोलीच्या मागे नेलं आणि बोट दाखवलं. मी बघतच राहिले. कोरड्या वाळूत, भिंतीच्या कडेकडेनं, हातभर रुंदीचं कोवळं हिरवंगार गवत उगवलं होतं.

"पाहिलंत? आपलं लॉन यानं इथं आणून लावलंय! पहाटे लॉनचा व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करून साळसूदासारखा बसतो. मी रोज आठ वाजता बघतो, चाक घट्टच असतं. अहो, मी स्वतः, या हातांनी, सगळ्यांसमोर बंद केलेलं ते चाक! सतरा फेरे मारले. दंड दोन दिवस दुखत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. आणि हा माणूस माझ्या तोंडाला पानं पुसतो?"

रविवारी सभा होती. तात्यांना कामावरून काढायचं आणि महिनाअखेरीला खोली रिकामी करून घ्यायची, असं सगळं ठरून गेलं होतं. साठी उलटलेला माणूस बायकोला घेऊन जाणार कुठे, याचा विचार कोणी केला नव्हता.

"अहवाल मी लिहून आणलाय," भाऊजींनी कागद पुढे केला. "तुम्ही फक्त सही करा. तुमच्या सहीला वजन आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "भाऊजी, एकतीस वर्षांत मीटर बघितल्याशिवाय मी एक आकडा लिहिला नाही. कागद खिशात ठेवा."

"अहो, त्यानं निवडुंगसुद्धा मारलेत! विष घालून. डूख धरून बसलाय."

चौकात जाऊन पाहिलं, तर खरंच अर्धे निवडुंग पिवळे पडून कलंडले होते. मी खाली बसले आणि एकाच्या बुंध्याला बोट लावलं. बोट पेरभर आत गेलं आणि सडक्या काकडीचा वास आला. विष कसलं! तीन आठवडे कोणी थेंबभर पाणी न घातलेला निवडुंग पाणी जास्त होऊन कुजला होता.

२

तात्यांच्या आधी मी दोन घरं घेतली. पहिल्या मेट्रनबाई. इस्पितळात तीस वर्षं हेडनर्स होत्या, आता कोपऱ्यातल्या घरात एकट्या राहतात, आणि या वाळवंटात त्यांच्या दारात गुलाब फुलतात. अर्धी वसाहत त्यांच्याविषयी कुजबुजत होतीच. मला बघताच त्यांनी दार सताड उघडलं.

"या! झडती घ्यायची ना? घ्या!"

"झडती नाही हो, चहा घ्यायला आले."

"चहाला पाणी आहे का घरात?" त्या फणकारल्या, पण आत घेतलं. न्हाणीघरात मोठं घमेलं होतं. त्यात उभं राहून त्या आंघोळ करतात आणि ते पाणी गुलाबांना जातं. भाजी धुतलेलं पाणी जातं, तांदूळ धुतलेलंही जातं. मी त्यांचा मीटर पाहिला. शेजाऱ्यांच्या निम्मासुद्धा आकडा नव्हता. बाई धुतल्या तांदळासारख्या निघाल्या.

"सॉरी म्हणा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं. मग त्या निवळल्या. "माझं मांजर तेवढं बघा हो. सकाळी दूध प्यायला घरी येत नाही. त्या मेल्या खडीवर जाऊन पसरतं. आठ वाजता बाहेर वाळूवर चटक्यानं पाय ठेववत नाही आणि हे खुशाल लोळतं."

मी ते ऐकून ठेवलं आणि पंपघराकडे निघाले.

पंपघरातल्या गृहस्थांना सगळे पंपमास्तर म्हणतात. ते पंपाशी बोलतात, त्याची विचारपूस करतात, आणि बायको माहेरी गेली तर पंपघरातच झोपतात. माझा प्रश्न ऐकून त्यांचं तोंड फुगलं.

"म्हणजे संशय माझ्यावर?"

"संशय सगळ्यांवर आहे. स्वतःवरसुद्धा घेऊन झाला माझा. सांगा, पंप काय म्हणतोय?"

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नसावा. खुर्ची पुसून त्यांनी मला बसवलं. "बाई, घरांना पाणी चढवताना हा कण्हतो. लॉनला देताना गातो, कारण तिथं चढ नाही. पूर्वी पहाटे तासभर गायचा आणि मग कण्हायला लागायचा. आता तीन आठवडे झाले, पाचला जो गायला लागतो तो टाकी संपेपर्यंत गातोच आहे."

"मध्ये एकदाही थांबत नाही?"

"एकदाही नाही."

"हे भाऊजींना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं कुठं?"

मी मनात हिशोब मांडला. टाकी संपते सव्वासातला, आणि आठला भाऊजी येतात तोवर चोरानं चाक बंद करायला हवं. त्या वेळी सगळी वसाहत रिकाम्या बादल्या घेऊन अंगणात उभी असते. व्हॉल्व्हची पेटी भर चौकात. एवढ्या लोकांदेखत पेटी उघडून सतरा फेरे मारणारा चोर कोणालाच कसा दिसला नाही?

"पेटीची किल्ली कोणाकोणाकडे आहे?"

"एक अध्यक्षांकडे, एक त्या खिळ्यावर."

"ती कोणी नेली होती?"

पंपमास्तर पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागले. "नेली असं नाही. पण परवा पहाटे तात्या इथं दारात उभे होते. किल्लीकडे एकटक बघत. मी हाक मारली, तर ओ दिली नाही."

३

तात्या आणि मी आठ वर्षं बोलत नव्हतो. हिरवळीविरुद्ध मी एकदा लेखी तक्रार केली होती, तेव्हापासून मी दिसले की ते रस्ता बदलायचे. त्यांच्या बायकोनं मला दारात पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. तरी "या बाई" म्हणाली. खोली लखलखीत होती. तात्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"चार दिवस धड जेवले नाहीत," ती हळूच म्हणाली. "आज सकाळी चोर म्हटलं लोकांनी तोंडावर, तरी गप्प. अहो, निदान नाही तरी म्हणा की! तर तेही नाही." आणि डोळे पुसत स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेली.

"तात्या," मी म्हटलं, "तुमची ती हिरवळ मला फुटक्या डोळ्यानं बघवत नव्हती. पण तुम्ही चोर आहात हे मला पटत नाही. काय झालं ते सांगा, म्हणजे मी शोधते."

ते वळले. केवढे थकले होते!

"शोधू नका बाई. चोर मीच असेन."

"असेन म्हणजे? चोरी केली की नाही हे माणसाला माहीत असतं."

"तेच तर माहीत नाही." त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि परक्या माणसाचे असावेत तसे बघायला लागले. "बावीस वर्षं पाचला उठलो, चाक उघडलं, सहाला बंद केलं. आता ते काम उरलं नाही, पण परवा शुद्धीवर आलो तर पंपघराच्या दारात होतो. त्याच्या आधी एकदा पेटीपाशी. कधी उठलो, कसा चाललो, काही आठवत नाही. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी रस्ता विसरले, मग नावं, मग माणसं. शेवटी शेवटी आईला विचारायचे, बाई, तुम्ही कोण?"

कोपऱ्यातला भांड्यांचा आवाज थांबला.

"डोकं झोपलेलं आणि हात आपलं काम करत असतील तर? खोलीच्या मागं गवत उगवलंय, ते काय उगाच? खोली जायची तर जाऊ दे हो. पण उद्या मी हिला ओळखलं नाही तर ही काय करेल?"

लोक याला चोर म्हणत होते आणि हा बिचारा स्वतःलाच हरवून बसला होता. पण रडून मीटर वाचता येत नाही. मी विचारलं, "हिरवळ काढली त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"बघवलं नसतं. पाचला शेवटचं पाणी सोडलं. त्या दिवशी तासभर जास्तच दिलं, तुम्ही रागवाल. सातला चाक घट्ट बंद केलं आणि बहिणीकडे निघून गेलो. दोन दिवसांनी आलो तर सगळीकडे खडी. माझी चाकाला बांधलेली लाल चिंधीसुद्धा ठेवली नव्हती."

"चिंधी कशाला?"

"नवीन माणसाला कळावं म्हणून. जाऊ द्या, आता काय त्याचं."

मी उठले. दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यावरच थबकले. हे सातला चाक घट्ट बंद करून गेले. भाऊजींचा चाक बंद करण्याचा समारंभ दहाचा. मग आधीच बंद असलेलं चाक भाऊजींनी सतरा फेरे बंद कसं केलं?

४

दोघेही खरं बोलत होते, याची मला खात्री होती. तात्यांना खोटं बोलायचं असतं तर त्यांनी आधी स्वतःला वाचवलं असतं. आणि भाऊजी फुशारक्या मारतात, पण त्यांचे दंड दुखत होते हे मी पाहिलं होतं. मीच तेल दिलं होतं. दोन्ही खरं असायचं तर एकच वाट उरत होती. पण ती सांगायला मला साक्षीदार हवा होता, आणि तो साक्षीदार म्हणजे खाटेवर बसलेले तात्याच.

दहा मिनिटांत मी भाऊजींना दंडाला धरून त्या खोलीत आणलं.

"वहिनी, हा काय पोरखेळ?"

"गप्प राहा. चाक समोर आहे असं समजा आणि त्या दिवशी केलंत तसं बंद करून दाखवा."

त्यांनी हवेत हात फिरवला. उजवीकडे. जगातलं कुठलंही चाक बंद करतात तसं.

"आता तात्या, तुम्ही डोळे मिटा. सात वाजलेत, पाणी देऊन झालंय. चाक बंद करा."

"बाई, माझे हात..."

"हातांनाच विचारतेय मी. करा."

तात्यांनी डोळे मिटले. हात उचलले. आणि सावकाश, ठाम, बावीस वर्षांच्या सवयीनं ते हात फिरले डावीकडे.

भाऊजींचं तोंड उघडंच राहिलं.

"उलट्या आट्याचा आहे ना तो," तात्या डोळे उघडून म्हणाले, जणू हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असावं. "पहिल्यापासून तसाच. उजवीकडे फिरवला की उघडतो. म्हणून तर चिंधी बांधली होती."

"ती लाल चिंधी?" भाऊजींचा आवाज चिरका झाला. "ती... फोटोत घाण दिसत होती. मी काढून टाकली."

"झालं समाधान?" मी म्हणाले. "यांनी बंद करून ठेवलेलं चाक तुम्ही टाळ्यांच्या गजरात सताड उघडलंत, त्यावर पेटी बसवलीत आणि कुलूप लावलंत! रोज आठला जाऊन हात लावत होतात, चाक घट्ट. पूर्ण उघडलेलं चाकही तितकंच घट्ट लागतं, भाऊजी. पुढे फिरायला जागाच नसते त्याला."

"पण पाणी दिसलं असतं!"

"कुठून दिसेल? फवारे तुम्ही काढून घेतलेत, नळ्या तशाच ठेवल्यात आणि वर प्लास्टिक. पाणी खालच्या खाली वाहतंय. निवडुंग मुळातून कुजले. मेट्रनबाईंचं मांजर खडीवर लोळतंय, कारण ती खालून गार आहे. आणि उतार कुठे आहे? या खोलीकडे. पाणी इथं भिंतीमागे येऊन वर निघालं आणि गवत उगवलं."

भाऊजी खाटेच्या कडेवर मटकन बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर फाशीचा दोर घेऊन निघालेलाच चोर निघाला होता, आणि त्याला पत्ता नव्हता. मला हसू येत होतं, पण तात्यांकडे पाहिलं आणि ते विरलं. त्यांना यातलं काही पोचलंच नव्हतं.

"पण मी तिथं गेलो होतो," ते म्हणाले. "दोनदा. मीही उघडलं असेल, बाई."

"ऐका माझं." मी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं. "पेटीला कुलूप होतं, किल्ली खिळ्यावरून हलली नाही. तेही सोडा. तुमच्या हातांनी झोपेत ते चाक उघडलं असतं, तर तासाभरानं बंदही केलं असतं. बावीस वर्षांत तुम्ही उघडून कधी विसरलात?"

"कधीच नाही."

"पंप तीन आठवड्यांत एकदाही मध्ये थांबला नाही. पंपमास्तर शपथेवर सांगतील. म्हणजे तुमचे हात त्या चाकाला लागलेच नाहीत. आणि चालत गेलात म्हणाल, तर निवृत्त झाल्यावर मी दोनदा वही-पेन्सिल घेऊन ऑफिसच्या फाटकापर्यंत गेले होते. वॉचमननं परत पाठवलं. कोणाला सांगू नका."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. ती ओला हात तसाच धरून कोपऱ्यात उभी होती.

"म्हणजे मी नाही?"

"तुम्ही नाही."

"मी नाही गं," ते तिला म्हणाले, आणि लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले. रडता रडता हसत होते. ती येऊन त्यांच्या शेजारी बसली. भाऊजी बाहेर जाऊन नाक शिंकरत उभे राहिले.

५

शुक्रवारी सकाळी तात्यांनी स्वतः पेटी उघडली. डावीकडे सतरा फेरे, मोजून. शनिवारी पहाटे पाचला पंप सुरू झाला आणि पंपमास्तर धावत बाहेर आले. "कण्हतोय! कण्हतोय!" म्हणून त्यांनी असा काही गलका केला, की लोकांना वाटलं कोणी आजारी आहे. त्या दिवशी नळ संध्याकाळपर्यंत चालले. मी दोनदा तोंड धुतलं, गरज नसताना. मग लाज वाटली.

मेट्रनबाईंनी तात्यांना तासभर समोर बसवून तारखा, वार, नातेवाईक, उलटे आकडे, काय काय विचारलं. शेवटी म्हणाल्या, "डोकं ठणठणीत आहे. कामाशिवाय बसवलंत तर मात्र बिघडेल. आणि पहाटेचं चालणं वाढलं तर डॉक्टरांकडे मी स्वतः नेईन."

रविवारच्या सभेत काय होईल याची मला धाकधूक होती. भाऊजी मानी माणूस. पण ते उभे राहिले, खिशातला तो अहवाल काढून सगळ्यांसमोर फाडला आणि म्हणाले, "पाणी मी घालवलं. तीन आठवडे, रोज. तात्यांची माफी मागतो." हात जोडले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. मला त्या दिवशी दिराचा अभिमान वाटला, आणि तो मी त्यांना बोलून दाखवणार नाही. तात्या माळी म्हणून राहिले, खोली राहिली. कुजलेले निवडुंग काढायचे आणि कोरड्यात कसं जगवायचं ते त्यांनीच ठरवायचं, असं ठरलं. गवत चार दिवसांत वाळेल, असं मी त्यांना जरा बिचकतच सांगितलं.

"वाळू दे," ते म्हणाले. "बघून घाबरायचो त्याला."

सोमवारी सकाळी साडेआठला माझ्या दारावर धपाधपा थापा. तात्यांची बायको, केस विस्कटलेले, पायात चप्पल नाही.

"बाई, चला लवकर! हे अजून उठले नाहीत. पाचला उठणारा माणूस! हाक मारायची माझी हिंमत होत नाहीये, ओळखलंच नाही तर?"

तशीच पळाले तिच्याबरोबर. दार ढकललं, दोघी उंबऱ्यात उभ्या राहिलो आणि आतून जो आवाज आला तो पंपालाही लाजवणारा होता. तात्या उताणे पडून घोरत होते. एक पाय खाटेबाहेर, तोंड उघडं, हात दोन्हीकडे सैल टाकलेले.

ती माझ्याकडे बघायला लागली. "उठवू का?"

"खबरदार!" मी म्हणाले.

दार हलकेच ओढून घेऊन आम्ही पायरीवर बसलो. "बावीस वर्षांत पहिल्यांदा," ती म्हणाली, आणि तोंडावर हात दाबून हसायला लागली.